डिस्टिलरीचा ओला चोथा गायींना: मुरवायचा कसा, किती घालायचा आणि कुठं थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर तालुक्यात १४ संकरित गायींचा गोठा. दिंडोरीकडून एक टेम्पोवाला मक्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीचा ओला चोथा आणून टाकतो. पहिल्या दिवशी गायी गव्हाण चाटूनपुसून साफ करतात, तिसऱ्या दिवशी तोंड लावत नाहीत. हा चोथा आंबवून महिनाभर टिकवता येईल का? आंबवल्यानं त्यातलं प्रोटीन वाढेल का? वायनरीतला द्राक्षाचा चोथा त्यात मिसळावा का? आणि स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे डिस्टिलरीच्या काळ्या सांडपाण्यात, कल्चर (जिवाणू-यीस्टचं विरजण) सोडून पशुखाद्य तयार करतात म्हणे, ते खरं का?

मी बरीच वर्षं पशुखाद्याच्या कारखान्यात कच्चा माल तपासायचं काम केलं, आता गोठ्यांवर फिरतो. तुमचा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, त्यामुळे यावेळी सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: आंबवायचं काम कारखान्यानं आधीच उरकलेलं आहे. मका दळून शिजवतात, एन्झाइमनं त्यातल्या स्टार्चची साखर करतात, ती साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार होतं. ते वाफेनं वेगळं काढलं की कॉलमच्या तळातून जो गरम रस्सा येतो तो डिकँटरमधून फिरवतात. घट्ट भाग निघतो तो तुमच्या दारात येणारा ओला चोथा. पातळ भाग आटवून त्याचं सिरप करतात, ते चोथ्यात घालून वाळवलं की डीडीजीएस. १०० किलो मक्यातून ढोबळमानानं ३८ लिटर अल्कोहोल आणि ३० किलोच्या आसपास कोरडा चोथा मिळतो, उरलेलं बहुतेक कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. (गायीला चढेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही चढत. अल्कोहोल काढून घेण्यासाठीच तर सगळा खटाटोप असतो, ते चोथ्यात कोण सोडेल?)

म्हणजे स्टार्च गेलं आणि बाकी सगळं तिपटीनं दाट झालं. मक्यात ९ टक्के प्रोटीन असतं, चोथ्यात कोरड्या हिशोबानं २७ ते ३० टक्के. तेल ४ टक्क्यांवरून १० च्या घरात. फॉस्फरसही तसाच चढतो. तांदळाचा चोथा असेल तर प्रोटीन ४० ते ४५ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून धान्य कोणतं हे प्रत्येक खेपेला विचारा. कारखाना जे धान्य परवडेल ते घेतो, आज मका तर पुढच्या महिन्यात तांदूळ. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं तेव्हापासून मक्याचं इथेनॉल जोरात वाढलं, आणि त्याच्या पाठोपाठ हा चोथाही. तुमच्या टेम्पोवाल्याचा धंदा त्यातूनच उभा राहिला असणार.

पण प्रोटीन तिप्पट होतं तशी बुरशीची विषंही तिप्पट होतात. यीस्टला ती खाता येत नाहीत, वाफेनं ती जळत नाहीत. येवला-लासलगावकडचा खरीप मका परतीच्या पावसात सापडला की कणसावरच काळा-हिरवा पडतो. तो मका पोल्ट्रीवाला नाकारतो आणि मग तो स्वस्तात कुठं जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. समजा मक्यात किलोमागे ४० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होतं. चोथ्यात ते १२० झालं. तुम्ही गायीला दिवसाला आठ किलो ओला चोथा घालता, म्हणजे कोरडा अडीच किलोच्या जवळपास. पोटात गेलं ३०० मायक्रोग्रॅम. त्यातला साधारण दोन-अडीच टक्के भाग रूप बदलून दुधात उतरतो, साडेसात मायक्रोग्रॅम धरा. १५ लिटर दुधात वाटला की लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. आणि आपल्याकडे दुधातली मर्यादा नेमकी तेवढीच, किलोला ०.५ आहे. गाय ठणठणीत दिसते, शेण चांगलं असतं आणि दूध मात्र मर्यादेच्या काठावर. आंबवून, शिजवून, उन्हात वाळवून हे विष जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण "आंबवलं की सगळं शुद्ध होतं" असं बरेच जण धरून चालतात.

आता आंबवल्यानं प्रोटीन वाढेल का. गोठ्यावर करता येईल अशा पद्धतीनं नाही वाढत. मुरघासाचे (हवाबंद करून आंबवलेल्या चाऱ्याचे) जिवाणू चाऱ्यात प्रोटीन घालत नाहीत, असलेलं राखून ठेवतात. बुरशी वाढवून प्रोटीन वाढवायची रीत आहे. जपानी लोक कोजीसाठी, म्हणजे तांदूळ-सोयाबीन आंबवायच्या विरजणासाठी, वापरतात तसली बुरशी चोथ्यावर वाढवता येते. पण त्यासाठी निर्जंतुक माल, शुद्ध बीजाणू, तापमान आणि ओलावा सांभाळणारी खोली लागते. आणि गंमत अशी, की कोजीची बुरशी आणि अफ्लाटॉक्सिन करणारी बुरशी या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. दोन्ही हिरवट-पिवळ्या. गोठ्याच्या पडवीत कोणती उगवली हे डोळ्यांनी ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. व्हिडिओ बघून हा प्रयोग करू नका.

तेव्हा तुमच्या हातात आहे ते टिकवणं. चोथा कारखान्यातून निघतो तेव्हाच आंबट असतो, पीएच चारच्या आसपास. लिंबू-लोणच्यासारखा आंबटपणा आधीपासून आहे, मग तिसऱ्या दिवशी खराब का होतो? कारण त्यात ६५ ते ७० टक्के पाणी, तो येतो कोमट, ढिगाऱ्यात हवा खेळती, आणि आंबटपणाला न जुमानणारे हवेतले यीस्ट नि बुरशी वरून बसतात. ते आम्ल खातात, ढीग तापतो, पीएच वर चढतो म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि मग बाकीची जत्रा येते. म्हणजे आपली लढाई हवेशी आहे.

हे मला कळलं ते एका फसलेल्या कामातून. निफाडच्या एका गोठ्यावर माझ्या सांगण्यावरून १२ मोठ्या बॅगा भरल्या होत्या, भर श्रावणात, नुसता चोथा, भुसा न मिसळता. मला वाटलं आंबट माल आहे, तोंड बांधलं की झालं. आठ दिवसांत माल खाली दबला, तळाशी काळं पाणी साचलं, वर वीतभर पोकळी तयार झाली. त्यात दोन बॅगा उंदरांनी कुरतडल्या. तीन आठवड्यांनी पहिली बॅग सोडली तर वरचा थर पांढरा, त्याखाली हात घातला तर कढत. मी वरचं काढून टाकून खालचं घालायला सांगणार, तेवढ्यात घरातल्या आजी आल्या. मूठभर नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "हे मुरलेलं नाही, उबलेलं आहे. कणगीत ज्वारी उबते ना, तोच वास." त्यांचं बरोबर होतं. बाराच्या बारा बॅगा उकिरड्यावर गेल्या आणि मी त्या घरी वर्षभर तोंड दाखवलं नाही.

तेव्हापासून मी जे करतो ते असं.

माल निघून २४ तासांच्या आत भरायचा, उन्हाळ्यात तर त्याच दिवशी. टेम्पोवाल्याकडून गेटपासवरची वेळ बघून घ्या. "आजचाच आहे" याला अर्थ नाही. खेप उतरताना कोपर खोल हात घाला. कोमट चालेल, पण आतून कढत आणि वरून गार असेल तर तो ढीग कुठंतरी दोन दिवस पडलेला आहे. परत पाठवा.

नंतर ओलावा. घरच्या घरी काढता येतो. १०० ग्रॅम चोथा कढईत मंद आचेवर परतत राहा, करपू देऊ नका, वजन उतरायचं थांबलं की काट्यावर ठेवा. ३० ग्रॅम भरला तर कोरडा पदार्थ ३० टक्के. हा आकडा भरण्यासाठी लागतो आणि भाव ठरवायलाही. समजा ओला माल दारात ८ रुपये किलो पडला आणि त्यात ३० टक्के कोरडा आहे, तर खऱ्या खाद्याचा भाव झाला २६ रुपये ६७ पैसे. सुका डीडीजीएस २४ रुपयांनी मिळत असेल आणि त्यात ९० टक्के कोरडा असेल तर त्याचाही भाव तेवढाच येतो. मग ओल्याची उस्तवारी कशाला? ओल्याला एकच वरचढ बाजू आहे, तो वाळवताना जळलेला नसतो. सुक्या मालाला कॉफीसारखा वास आणि गडद तपकिरी रंग असेल तर त्यातलं प्रोटीन भाजून गेलेलं असतं, कागदावर दिसतं पण गायीला मिळत नाही. तरीही ओला माल सुक्यापेक्षा कोरड्या हिशोबात दोन-चार रुपयांनी स्वस्त पडत नसेल तर मी घेऊ नका म्हणेन. पाण्याचं भाडं भरायची हौस कुणाला?

मिसळण असं: १०० किलो चोथ्याला २० किलो कोरडा भुसा. गव्हाचा, सोयाबीनचा, नाहीतर मक्याचा वाळलेला चारा बारीक कुट्टी करून. गणित करून बघा, चोथ्यातला ३० आणि भुशातला १८, मिळून १२० किलोत ४८ किलो कोरडा, म्हणजे ४० टक्के. मुठीत दाबून बघा. बोटांतून पाणी ठिबकलं तर भुसा कमी आहे. गोळा धरला आणि मूठ उघडल्यावर हळूहळू सुटला तर बरोबर. भुसा मात्र खडखडीत आणि स्वच्छ हवा. पावसात भिजलेला सोयाबीनचा भुसा काळपट असतो, तो घातलात तर बुरशीचं विरजण स्वतःच्या हातानं लावलंत. या मिश्रणात कोरड्या हिशोबानं १९ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन बसतं, म्हणजे बाजारातल्या बऱ्या गोळी पेंडेच्या जवळ.

भुसा घातला की आंबटपणा थोडा उतरतो आणि जिवाणूंना खायला साखर उरलेली नसते, ती यीस्टनं केव्हाच संपवलेली. म्हणून १२० किलोला एक किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडा. मुरघासाचं चांगल्या कंपनीचं कल्चर त्यातच घाला. पाकिटावर ब्युकनेरी हे नाव शोधा. हा जिवाणू थोडं ॲसेटिक आम्ल करतो, त्यामुळे बॅग उघडल्यावर माल लवकर तापत नाही. पाणी विहिरीचं घ्या, नळाच्या क्लोरीनमध्ये कल्चर अर्धमेलं होतं. काही जण ताक घालतात. ताकातले जिवाणू दुधाच्या साखरेवर वाढलेले, त्यांचं इथं फारसं चालत नाही. नुकसान नाही, पण ताक प्यायलेलं बरं. कॅल्शियमची पावडर किंवा खनिज मिश्रण भरताना मुळीच घालू नका, ते आंबटपणा मारतं. ते रोजच्या खाद्यातून.

भरायला २०० लिटरचे प्लास्टिकचे ड्रम सगळ्यात बरे, झाकणाला रिंग आणि रबर असलेले. लोखंडी नकोत, आम्लानं गंजतात. औषधांचे किंवा केमिकलचे जुने ड्रम कितीही धुतले तरी नकोत. द्राक्षपट्ट्यात असे ड्रम शंभर-दोनशे रुपये कमीत मिळतात म्हणून सांगतो. वीतभर थर टाकायचा आणि पायानं तुडवायचा, मग पुढचा थर. कडेला विशेष तुडवा, हवा कडेलाच राहते. काठोकाठ भरून वर प्लास्टिक, त्यावर वाळूची पिशवी, मग झाकण. बॅगा वापरल्या तर जमिनीपासून उंच फळीवर ठेवा आणि उंदरांचा बंदोबस्त आधी करा. पहिल्या आठवड्यात बॅग थोडी फुगते, टोचू नका. २१ दिवसांनी उघडायला हरकत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या थंडीत मात्र महिना-सव्वा महिना द्या.

उघडल्यावर आधी नाक, मग हात, मग डोळे. वास आंबटगोड, पावाच्या पिठासारखा हवा. हाताला गार लागला पाहिजे. पीएच पट्टी मिळाली तर चार-सव्वाचारपर्यंत ठीक. बुरशीचा चट्टा दिसला तर फक्त चट्टा काढून भागत नाही, कारण धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. तो ड्रम वरून हातभर तरी काढून टाका, आणि खालचाही तापलेला असेल तर सगळाच. टाकलेला माल भाकड गायीला, शेळ्यांना किंवा कोंबड्यांना "चालून जाईल" असं करू नका. एकदा उघडलेला ड्रम उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत संपला पाहिजे. तुमच्या १४ गायींना ही अडचण येणार नाही, दोन-तीन गायीवाल्यांनी मात्र ५० लिटरचे लहान ड्रम भरावेत.

घालायचं प्रमाण. पहिल्या दिवशी एक किलो, दर दोन दिवसांनी अर्धा-एक किलो वाढवत, दोन आठवड्यांत १५ लिटरच्या गायीला सहा किलोपर्यंत. त्यापुढे मी जात नाही. सहा किलोत कोरडा माल जवळपास अडीच किलो येतो, तेवढ्या हिशोबानं गोळी पेंड नि सरकी कमी करा, पण एकदम नाही. चोथा वाढवून पेंडही तशीच ठेवलीत तर खर्च दुप्पट आणि शेण पातळ. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका, त्यांचं पोट अजून तयार नसतं.

इथं दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे फॅट. चोथ्यातलं मक्याचं तेल जास्त झालं आणि लांब धाग्याचा चारा कमी पडला की दूध वाढतं पण फॅट उतरते. साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) भाव मिळणाऱ्याला दूध वाढल्याचा आनंद दहा दिवसांच्या बिलात कळतो. फॅट तीन-चार पॉइंटनं, म्हणजे ०.३-०.४ नं, घसरली की चोथा दोन किलो कमी करा आणि कडबा, ऊस नव्हे, वाढवा. दुसरी कॅल्शियमची. फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही, त्यामुळे खनिज मिश्रणाबरोबर चुनखडीची पशुखाद्याची पावडर दिवसाला ४०-५० ग्रॅम द्यावी लागते. तिसरी गंधकाची. कारखान्यात आम्लता राखायला सल्फ्युरिक ॲसिड वापरतात, त्याचा गंधक चोथ्यात येतो. विहिरीचं पाणी खारं, सल्फेटवालं असेल तर दोन्ही मिळून जास्त होतं. गाय मान वर करून आढ्याकडे बघत राहते, आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, दात खाते. क्वचित घडतं, पण घडलं तर तासाभरात डॉक्टर हवा. थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन वेळेत मिळालं तर गाय उठते. चोथा त्याच क्षणी बंद.

विषाच्या बाबतीत, दर नव्या पुरवठादाराच्या मालाचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पशुखाद्यात किलोला २० मायक्रोग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. टॉक्सिन बाइंडर (खाद्यात घालायची, विष धरून ठेवणारी पावडर) मदत करतो, माफी देत नाही. आणि दूध अडलंच तर चोथा थांबवल्यावर तीन-चार दिवसांत ते निवळतं, गाय विकायची घाई करू नका.

द्राक्षाचा चोथा. विंचूर-दिंडोरी पट्ट्यात जानेवारी ते मार्च-एप्रिल तो ढिगांनी पडलेला असतो, १०० किलो द्राक्षांमागे २० ते २५ किलो. पांढऱ्या वाइनचा चोथा दाबून लगेच बाहेर काढतात, त्यात साखर शिल्लक असते, त्यामुळे तो मुरघासात छान बसतो. लाल वाइनचा चोथा रसाबरोबरच आंबलेला असतो. त्यात साखर संपलेली, थोडं अल्कोहोल उरलेलं आणि टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त. दोन्हींत बिया आणि सालीचा चिवट भाग इतका, की गायीला त्यातून हाती फारसं लागत नाही. मका चोथ्याशी त्याची तुलनाच नको. भुशाऐवजी थोडा भराव म्हणून, मिश्रणाच्या दहा टक्क्यांपर्यंत, पांढऱ्याचा घ्या. गुळाचा खर्च वाचेल एवढाच फायदा.

पण मेंढ्यांना अजिबात नको. डाउनी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी बागेवर बोर्डो आणि तांब्याची इतर औषधं फवारलेली असतात, ते तांबं सालीवर राहतं आणि चोथ्यात दाट होतं. गायीला ते बऱ्यापैकी झेपतं. मेंढीचं यकृत तांबं साठवत जातं, महिनोन्महिने काही दिसत नाही आणि एके दिवशी मेंढी पिवळी पडते, लघवी काळपट लाल होते, दोन दिवसांत जाते. तुमच्या शेतात मेंढ्या बसवायला धनगरांचे वाडे येत असतील तर हे ढीग त्यांच्या वाटेत ठेवू नका.

राहिला स्पेंट वॉश. तो मळीवर म्हणजे मोलॅसिसवर चालणाऱ्या डिस्टिलरीतून निघतो, एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर. धान्याच्या चोथ्याशी त्याची गल्लत करू नका. त्यात प्रोटीन नगण्य, पोटॅश भरमसाट आणि काळा रंग देणारं जे द्रव्य आहे ते जिवाणूंनाही सहजी पचत नाही. म्हणून तर कारखान्यांना त्यातून बायोगॅस काढून, आटवून, बॉयलरमध्ये जाळावं लागतं. बाहेर सोडायला बंदी आहे. त्यावर टोरुला जातीचं यीस्ट वाढवून ते यीस्ट खाद्य म्हणून वापरता येतं, हे खरं आहे. पण त्याला हवा फुंकणाऱ्या टाक्या, यीस्ट वेगळं करणारी सेंट्रिफ्यूज आणि ड्रायर लागतो. तिथं खाद्य असतं ते यीस्ट, उरलेलं काळं पाणी नव्हे. तुम्हाला बॅरलभर काळं पाणी आणि एक कल्चरची बाटली विकणारा माणूस त्याच्या कारखान्याचा विल्हेवाटीचा खर्च तुमच्या गायींच्या पोटात घालतोय. पोटॅशनं गायी ढाळ घालतील, पाणी मागत राहतील आणि पंधरा दिवसांत तो फोन उचलायचा बंद होईल.

पुढच्या खेपेचे दोनच ड्रम भरून बघा. झाकणावर तारीख, धान्य आणि कढईत निघालेला कोरडा आकडा खडूनं नाही, मार्करनं लिहा. २१ दिवसांनी उघडलात की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी वास घ्यायला द्या.